ब्रँडचे ग्राफिक घटक सगळीकडे एकसारखे कसे ठेवायचे? नागपूरच्या उद्योजकांचे नेहमीचे प्रश्न

सीताबर्डी-इतवारीतले दुकानदार, हिंगणा-बुटीबोरीचे कारखानदार, घरून सुरुवात करून आता कळमन्यात गोदाम घेतलेले लोक असे सगळेच आम्हाला जवळपास हेच प्रश्न विचारतात. उत्तरं समजायला सोपी जावीत म्हणून एक काल्पनिक कंपनी धरली आहे. ती भिवापुरी मिरचीची पावडर पाऊचमध्ये भरून विकते. जिथे उदाहरण लागेल तिथे हीच कंपनी येईल.

लोगो आहे आमच्याकडे. मग हे ग्राफिक घटक म्हणजे आणखी काय?

लोगोशिवाय जे जे ग्राहकाच्या नजरेला पुन्हा पुन्हा पडतं ते सगळं. ठरलेले रंग, अक्षरांचं वळण, पाकिटाच्या कडेची नक्षी, फोटोची चौकट, चिन्हांच्या रेषांची जाडी, मजकुराभोवती सोडलेली मोकळी जागा.

समजा, आपल्या मिरचीवाल्यांनी करवती काठाच्या साडीवरून त्रिकोणी दात्यांची एक पट्टी घेतली. विदर्भातल्या टसर साड्यांवर हा काठ पिढ्यान्‌पिढ्या विणला जातो, त्यामुळे इकडच्या माणसाला तो ओळखीचा आहे. ही पट्टी पाऊचच्या वरच्या कडेला आली, कार्टनच्या चारही बाजूंना आली, बिलबुकाच्या डोक्यावर आली, माल पोचवणाऱ्या छोटा हत्ती टेम्पोच्या फाळक्यावर आली. किराणा दुकानात पाऊच एकावर एक ठेवले की लोगो झाकला जातो, पण वरची कड दिसत राहते. दुकानदार त्या कडेवरूनच माल काढून देतो. घटकाचं काम हे असं असतं, म्हणून तो निवडताना लोगोइतकाच विचार करावा लागतो.

सगळीकडे तेच ते बघून लोक कंटाळत नाहीत का?

कंटाळतो तो मालक. तो रोज सकाळी शटर उघडल्यापासून तेच रंग बघतो, म्हणून सहा महिन्यांत त्याला नवीन काहीतरी हवंसं वाटतं. ग्राहक मात्र पाऊच महिन्यातून एकदा हातात घेतो, पाटी सिग्नलला थांबला तर बघतो आणि व्हॉट्सअॅपवरची पोस्ट अंगठ्याने सरकवतो. त्याची ओळख जेमतेम पक्की होत असते, तेवढ्यात आपण रंग बदलून मोकळे होतो.

नागपूर मेट्रो बघा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक ही ऑरेंज लाइन, लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर ही अॅक्वा लाइन आणि दोन्ही सीताबर्डीला मिळतात. मार्गाचं नावच रंगावरून ठेवलं, त्यामुळे नकाशा न वाचताही माणूस रंग धरून गाडी बदलू शकतो. यातला रंग दर दिवाळीला बदलला असता तर प्रवाशांचे काय हाल झाले असते याचा विचार करा. तुमच्या ग्राहकालाही दुकानाच्या मांडणीवर तुमचा माल असाच शोधायचा असतो.

नागपूरची कंपनी आहे. केशरी रंग आणि संत्रं घ्यायलाच हवं ना?

आमचं स्पष्ट मत आहे: संत्र्याचा धंदा नसेल तर घेऊ नका. नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे, शहराला त्याचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्यामुळेच ट्रॅव्हल्सपासून कोचिंग क्लासपर्यंत प्रत्येकाच्या लोगोत एक फोड आणि एक हिरवं पान दिसतं. तुम्हीही तेच घेतलं तर ते शहराचं चिन्ह होईल, तुमचं होणार नाही.

नागपूरपण दाखवायचंच असेल तर जरा आत शिरा. करवती काठ आहे, तान्ह्या पोळ्यातला लाकडी नंदी आहे, जुन्या महालातल्या वाड्यांचं कोरीव लाकूडकाम आहे. त्यातला एकच आकार घ्या, तो इतका सोपा करा की शाळेतल्या मुलाला पेन्सिलीने काढता यावा, आणि मग तो सोडू नका. आणि तुम्ही खरोखर संत्र्याची बर्फी विकत असाल, तर केशरी रंग बिनधास्त घ्या, फक्त त्याच्या जोडीचा दुसरा रंग असा निवडा की शेजारच्या बर्फीवाल्याच्या डब्यापासून तुमचा डबा लांबून वेगळा दिसेल.

एकूण किती घटक ठेवावेत?

थोडे. लोगो, दोन मुख्य रंग आणि एक मदतीचा, मराठी-इंग्रजीची एक फॉन्टजोडी, एक नक्षी किंवा आकार, फोटो काढायची एक पद्धत. मध्यम आकाराच्या कंपनीला एवढं पुष्कळ झालं.

कार्डावरचा लाल, फ्लेक्सवरचा लाल आणि मोबाइलवरचा लाल वेगवेगळे दिसतात. चूक कोणाची?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. मोबाइलचा पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग दाखवतो, त्याला आरजीबी म्हणतात. छपाईत निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा शाया एकावर एक बसतात, ते सीएमवायके. पडद्यावरचे काही झगझगीत रंग या चार शायांतून निघतच नाहीत. त्यात कागद चकचकीत असेल तर रंग खुलतो, साधा असेल तर शाई आत शोषली जाते आणि रंग मळकट दिसतो. वर्तमानपत्राचा कागद मुळातच करडा असल्याने तिथे आणखी फरक पडतो.

म्हणून एका रंगाची एकच नोंद पुरत नाही. प्रत्येक ब्रँड रंगासाठी चार गोष्टी लिहून ठेवा: पडद्यासाठी आरजीबीचे आकडे, ऑफसेट छपाईसाठी सीएमवायकेची टक्केवारी, पॅन्टोन या कंपनीच्या रंगपुस्तकातला त्या रंगाचा क्रमांक आणि पाटीसाठी तुम्ही पसंत केलेल्या व्हिनायल (चिकटवायची प्लास्टिक फिल्म) किंवा एसीपी (दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेली शीट) यांचा कंपनीसह शेड नंबर. पॅन्टोनची रंगजुळणीची पद्धत १९६३ साली आली. यात शाई आधीच ठरलेल्या मापाने बनवतात, त्यामुळे नागपुरात छापा की अहमदाबादेत, एकाच प्रकारच्या कागदावर रंग जवळपास सारखा येतो.

याहून भरवशाची गोष्ट म्हणजे हातात धरायचा नमुना. छपाई मनासारखी आली की त्यातले पाच-सहा तुकडे कापून, मागे तारीख आणि प्रेसचं नाव लिहून, बंद पाकिटात ठेवा. उघड्यावर ठेवलेला नमुना स्वतःच फिका पडतो. पुढच्या वेळी प्रेसवाल्याला "जरा गडद लाल" असं सांगण्यापेक्षा तो तुकडा समोर ठेवा आणि मशीनवर पहिली शीट निघाली की दिवसाच्या उजेडात दोन्ही शेजारी धरून बघा. ट्यूबलाइटखाली जुळलेला लाल बाहेर आला की अनेकदा वेगळा दिसतो.

आपल्याकडे उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि दक्षिण-पश्चिमेला तोंड असलेली पाटी दुपारभर भाजते. साध्या फ्लेक्सवर गुलाबी आणि पिवळी शाई लवकर उडते, निळी आणि काळी टिकून राहते. लाल पाटी वर्ष-दोन वर्षांत विटक्या रंगाची का होते ते यावरून कळेल. तुमचा मुख्य रंग लाल किंवा केशरी असेल तर कायमच्या पाटीसाठी फ्लेक्स नको. रंगीत शीट कापून केलेली अक्षरं किंवा एसीपी घ्या. फ्लेक्स तात्पुरत्या कामालाच ठेवा.

केशरीवर पांढरी अक्षरं छान दिसतात, पण वाचता येत नाहीत अशी तक्रार येते.

तक्रार खरी आहे. वेबसाइट सगळ्यांना वाचता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांत साध्या मजकुराला किमान ४.५ : १ इतका उठाव, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, लागतो. आरजीबी २५५, १२७, ० या केशरीवर पांढरं अक्षर ठेवलं तर तो साधारण २.५ : १ भरतो. मोठ्या शीर्षकालाही तो कमीच पडतो, किंमत आणि फोन नंबर तर निभावतच नाहीत. केशरीवर गडद तपकिरी किंवा काळं अक्षर वापरा, किंवा केशरी फक्त पट्टीला ठेवून मजकूर पांढऱ्यावर घ्या. असा नियम एकदा ठरला की प्रत्येक पोस्टच्या वेळी वाद होत नाही.

पाटीवर मराठी नाव मोठं हवं म्हणतात. आमचा लोगो तर इंग्रजीत आहे.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ यात २०२२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटीची सक्ती लागू आहे. नाव देवनागरीत आणि आधी यायला हवं, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत.

बरेच जण काय करतात? इंग्रजी लोगो तसाच ठेवतात आणि वर मिळेल त्या फॉन्टमध्ये मराठी नाव टाकतात. मग एकाच पाटीवर दोन कंपन्या दिसतात. देवनागरी नाव इंग्रजी लोगोच्या बरोबरीने, त्याच हाताने घडवून घ्या. इंग्रजी अक्षरांचा दांडा जाड असेल तर शिरोरेषा आणि काना त्याच वजनाचे करा. इंग्रजीचे कोपरे गोल असतील तर मराठीचेही गोल करा. देवनागरीत वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि जोडाक्षरं येतात, म्हणून दोन्ही लिप्या एकाच उंचीच्या चौकटीत कोंबल्या की मराठी बारीक दिसते. "श्री", "कृ", "र्ती" अशी अक्षरं नावात असतील तर त्यांना वर-खाली जागा सोडूनच उंची ठरवा.

अंतराचा साधा ठोकताळा असा की दर १० फुटांना अक्षराची उंची १ इंच धरावी. वर्धा रोडवर पलीकडच्या बाजूने, समजा १०० फुटांवरून नाव वाचलं जावं असं वाटत असेल तर मूळ अक्षर १० इंचांचं हवं, मात्रा-उकार वेगळे. देवनागरीला त्याहून थोडं जास्तच द्यावं असं आम्ही सांगतो.

मराठीसाठी फॉन्ट कोणता घ्यावा?

ज्यात मराठी आणि इंग्रजी एकाच वळणाची मिळतात आणि ज्याचा परवाना स्वच्छ आहे असा. "मुक्ता" हा "एक टाइप" नावाच्या संस्थेचा फॉन्ट मोफत आहे, व्यवसायात वापरता येतो आणि त्यात बारीकपासून ठसठशीतपर्यंत सात वजनं आहेत. जरा गोलसर, घरगुती ढंग हवा असेल तर त्यांचाच "बालू" बघा. "नोटो"चं देवनागरी कुटुंबही चांगलं आहे.

दोन गोष्टी तपासून घ्या. एक, फॉन्टमध्ये मराठी वळणाचा "ल" आणि "श" मिळतो का. काही फॉन्ट हिंदी वळण देतात आणि मराठी वाचकाला ते लगेच खटकतं. दोन, फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणक-मोबाइलवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीचा, आहे का. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मॅटर वेबसाइटवर किंवा व्हॉट्सअॅपवर टाकलं की अगम्य चिन्हं उमटतात. मग कोणीतरी घाईत दुसऱ्या फॉन्टमध्ये पुन्हा टाइप करतो, आणि घडी तिथेच विस्कटते.

फ्लेक्सवाले भाऊ लोगो ओढून पाटीभर करतात. त्यांना कसं थांबवायचं?

त्यांच्याकडे योग्य फाइल आधी पोचवा. बहुतेक वेळा दुकानातून व्हॉट्सअॅपवर एक छोटा फोटो जातो, तोही तीनदा फॉरवर्ड होऊन आलेला. काउंटरवरचा मुलगा तो कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, कडा फुटलेल्या दिसतात म्हणून अंदाजाने नवीन रेषा मारतो, फॉन्ट नसल्याने जवळपासचा टाकतो, आणि पाटी २० बाय ४ फुटांची म्हणून लोगो आडवा ताणून बसवतो. त्याने दिलेल्या वेळात काम पूर्ण केलं. त्याला हाताशी दुसरं काही दिलंच नव्हतं.

तुमच्याकडे लोगोची व्हेक्टर फाइल हवी. ती कितीही मोठी केली तरी कडा फुटत नाहीत. कोरल आणि पीडीएफ अशा दोन्ही स्वरूपांत, अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी आकार बदलत नाही. शिवाय लोगोची मांडणी तीन प्रकारांत करून घ्या: आडवी, उभी आणि गोल डीपीसाठी नुसतं चिन्ह. ताणण्याची वेळ येते ती बहुधा लांबट पाटीला चौकोनी लोगो दिल्यामुळे. आडवी मांडणी हाताशी असली की प्रश्न तिथेच मिटतो. फाइल व्हॉट्सअॅपवर पाठवायचीच असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि लोगोच्या चारही बाजूंना किती जागा मोकळी सोडायची ते फाइलमध्येच पुसट चौकटीने दाखवा. तोंडी सांगितलेली सूचना प्रेसच्या गडबडीत राहत नाही.

पाऊचवर कायद्याचाच मजकूर एवढा असतो. त्यात आमची नक्षी कुठे बसवायची?

आधी कायद्याचं, मग आपलं. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक, शाकाहारी-मांसाहारी चिन्ह, घटकपदार्थ, पोषणमूल्यं (काही पदार्थांना यातून सूट असते), निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा पत्ता, तारखा हे यायलाच हवं. शाकाहाराचं चिन्ह म्हणजे हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका. मांसाहारासाठी आता तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण असतो. ही चिन्हं ब्रँडच्या रंगात रंगवता येत नाहीत, त्यांचा किमान आकारही लेबलच्या क्षेत्रफळावरून ठरलेला असतो. आपल्या मिरचीवाल्यांची नक्षी त्रिकोणांची आहे, म्हणून त्यांनी एक पथ्य पाळायला हवं: त्रिकोण तपकिरी करायचे नाहीत आणि हिरव्या ठिपक्याच्या आसपास आणायचे नाहीत.

छपाईचं गणितही समजून घ्या. लॅमिनेटेड पाऊच बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने छापतात. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा कोरलेला सिलिंडर लागतो आणि पारदर्शक फिल्म असेल तर खालच्या पांढऱ्यालाही एक. "फक्त पट्टीचा रंग बदलू" असं म्हटलं की सिलिंडर बदलावे लागू शकतात आणि तो खर्च लहान नसतो. पट्टी एकाच सलग रंगाची ठेवा. त्रिकोणाची टोकं दोन रंग एकत्र येऊन बनत असतील तर मशीनवर फिल्म केसभर सरकली तरी टोकाला वेगळ्या रंगाची कड दिसते आणि करवत बोथट वाटते. तिखट, हळद, धने असे प्रकार करायचे असतील तर पट्टीचा आकार, जागा आणि उंची तीच ठेवा, प्रकारापुरता एकच रंग बदला. असं केलं की तिन्ही पाऊच एकाच घरचे दिसतात आणि ग्राहकाच्या हातात चुकीचा पाऊचही जात नाही.

सणासुदीच्या शुभेच्छांमध्ये आमचे रंग कसे सांभाळायचे?

पोळा, मारबत, दसरा, धम्मचक्र प्रवर्तन दिन, रामनवमीची शोभायात्रा. नागपुरात शुभेच्छा द्यायचे प्रसंग भरपूर आहेत. प्रत्येक वेळी इंटरनेटवरून तयार चित्र उचलून कोपऱ्यात लोगो चिकटवला तर वर्षभराच्या पोस्ट दहा वेगवेगळ्या लोकांच्या वाटतात. प्रसंगाचा मान त्या प्रसंगाच्या चित्राला आणि रंगाला द्यावा. दीक्षाभूमीच्या पोस्टला निळा आणि पांढरा शोभतो, तिथे आपला लाल रेटू नये. तुमचं म्हणून फक्त तळाची पट्टी, फॉन्ट आणि लोगोची जागा कायम ठेवा. त्यासाठी एक रिकामा साचा करून ठेवला की जो पोस्ट करतो त्याला दर वेळी नव्याने काही ठरवावं लागत नाही.

ऑनलाइन टेम्प्लेट आणि तयार आयकॉन वापरले तर चालतात का?

चालतात, पण एकाच संचातले वापरा. एका आयकॉनची रेघ जाड, दुसऱ्याची बारीक, तिसरा भरीव रंगाचा असं झालं की पान विस्कळीत दिसतं. लोगो मात्र टेम्प्लेटमधून घेऊ नका. तेच चिन्ह दुसराही कोणी वापरू शकतो आणि त्यावर एकट्याचा हक्क सांगणं अवघड जातं.

ट्रेडमार्क केला की नक्षी आणि रंगही सुरक्षित होतात का?

आपोआप नाही. ट्रेड मार्क्स अधिनियम, १९९९ खाली ज्या चिन्हाचा अर्ज केला त्याचीच नोंदणी होते. ती १० वर्षं टिकते आणि पुढे नूतनीकरण करता येतं. ऑनलाइन अर्जाचं शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला प्रत्येक वर्गासाठी (म्हणजे मालाच्या किंवा सेवेच्या ठरलेल्या गटासाठी) ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. लोगो काळ्या-पांढऱ्यात, रंगाची मर्यादा न घालता नोंदवला तर ती नोंदणी सर्व रंगांना लागू धरली जाते, म्हणून बहुतेकांना तसंच सुचवलं जातं. नक्षी खूप महत्त्वाची असेल तर तिचा वेगळा अर्ज करता येईल का, हे ट्रेडमार्क वकिलाला विचारा.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. बाहेरच्या डिझायनरला पैसे दिले म्हणजे कलाकृतीचे हक्क पूर्णपणे आपले झाले असं धरून चालू नका. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणून शेवटचा हप्ता देताना एका पानाचा करार करा, त्यात "कायमस्वरूपी, जगभरासाठी" असं स्पष्ट लिहून घ्या आणि मूळ फाइलही त्याच दिवशी ताब्यात घ्या.

नियमावली किती पानांची असावी?

जेवढी तुमच्या प्रेसवाल्याला उभ्या उभ्या वाचता येईल तेवढी. मोठ्या कंपन्यांची शंभर पानी पुस्तकं त्यांच्या कामाला योग्य आहेत. तुम्हाला चार-सहा पानं पुरतात, आणि ती मराठीत लिहा. योग्य-अयोग्य असे फोटो शेजारी शेजारी ठेवा: ताणलेला लोगो, चुकीचा लाल, उलटी लावलेली पट्टी. ज्याला हे वापरायचं आहे तो परिच्छेद वाचत बसत नाही, चित्र मात्र एका नजरेत घेतो.

आमचा लोगो वडिलांच्या काळातला आहे. बदलावा का?

घाई करू नका. स्टेट बँकेचं निळं गोल चिन्ह १९७१ पासून आहे. मधल्या काळात त्यासोबतची अक्षरं आणि मांडणी बदलली, गोल तोच राहिला. जुन्या ग्राहकाला नेमकं काय आठवतं ते आधी शोधा. दहा ग्राहकांना कोरा कागद द्या आणि तुमचा लोगो आठवून काढायला सांगा. सगळ्यांच्या कागदावर जे येईल त्याला हात लावू नका. जे कोणालाच आठवलं नाही, ते साफ करा.

आधीच छापलेलं साहित्य, पाट्या, गाड्या… सगळं एकदम बदलायचं?

गरज नाही आणि बहुतेकांना ते परवडतही नाही. बिलबुकं, कार्टन, पिशव्या संपतील तशी नवीन छापा. पण ग्राहकाला एकत्र दिसतात त्या गोष्टी एकत्रच बदला: दुकानाची पाटी, आतला काउंटर आणि पिशवी एका टप्प्यात, वेबसाइट आणि व्हॉट्सअॅपचा डीपी एका दिवसात. सिलिंडर नवीन करायचे असतील तर हातातला पाऊचचा साठा कधी संपतो ते गोदामात विचारून तारीख ठरवा. मिरचीचा हंगाम सुरू व्हायच्या आत नवीन पाऊच तयार हवेत, म्हणून डिझाइनचं काम दिवाळीआधी हाती घ्या.